दर साडेतेरा सेकंदांनी एक खाच

डॉक्टरांनी मऊ कापडात गुंडाळलेली डिस्क माझ्यासमोर ठेवली आणि तिच्याशेजारी एक जाड, कोपरे झिजलेली वही ठेवली. ते हृदयरोगतज्ज्ञ होते, निवृत्त झाले होते. सेवेच्या शेवटच्या अकरा वर्षांत त्यांनी स्टेथोस्कोपला लहानसा मायक्रोफोन जोडून रुग्णांचे हृदयध्वनी ध्वनिमुद्रित केले होते. अशी सुमारे साडेतीन हजार मुद्रणे त्या एक टेराबाइटच्या बाह्य डिस्कवर होती आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. विद्यार्थ्यांना झडपांचे दोष कानाने ओळखायला शिकवण्यासाठी ती मुद्रणे केली होती. त्यांतील काही दोष आता शस्त्रक्रिया लवकर होत असल्यामुळे इतक्या वाढलेल्या अवस्थेत सहसा ऐकायला मिळत नाहीत, असे त्यांनी मला सांगितले.

बिघडलेल्या डिस्कमधून माहिती परत मिळवण्याचे काम चौदा वर्षे करताना मला एक सवय लागली आहे. डिस्कला वीज देण्याआधी, ती बिघडल्यानंतर तिच्यावर काय काय केले गेले हे मी विचारून घेते आणि शब्दशः लिहून ठेवते. डिस्क चालू असताना टेबलावरून खाली पडली होती. पुन्हा जोडल्यावर तिच्यातून ठरावीक अंतराने टक्-टक् आवाज येऊ लागला. ती मधूनच दिसे, मधूनच नाहीशी होई. मग संगणकाने ‘डिस्कमध्ये दोष आहेत, दुरुस्त करायचे का?’ असे विचारले आणि मदतीला बसलेल्या एका माजी विद्यार्थ्याने होकार दिला. चेकडिस्क हे विंडोजचे दुरुस्तीचे साधन चार तास चालले आणि त्यानंतर डिस्क दिसेनाशी झाली. हे सांगताना डॉक्टरांच्या आवाजात त्या विद्यार्थ्याविषयी राग नव्हता, आणि मलाही तो वाटला नाही. पडद्यावर आलेला प्रश्न मदतीचा असल्यासारखाच दिसतो. मात्र चेकडिस्क फाइलव्यवस्था सुसंगत करण्यासाठी बनवलेले आहे, फाइली वाचवण्यासाठी नव्हे. जी नोंद वाचता येत नाही ती ते रद्द करते आणि तिची जागा मोकळी झाल्याचे लिहून टाकते. मरणोन्मुख हेडने, म्हणजे तबकडीवरची माहिती वाचणाऱ्या टोकाने, जे वाचायला नकार दिला, ते सगळे त्याच्या लेखी निकामी ठरते.

डॉक्टरांनी २००३ साली कोसळलेल्या ‘कोलंबिया’ अंतराळयानातील डिस्कविषयी वाचले होते. अवशेषांत सापडलेल्या त्या ४०० मेगाबाइटच्या डिस्कमधून सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळाली होती. ‘ती आकाशातून पडली, माझी तर टेबलावरून पडली आहे,’ असे ते म्हणाले. यातला फरक मला त्यांना सांगावा लागला. यान फुटले तेव्हा ती डिस्क फिरत नव्हती, त्यामुळे तिच्या तबकड्या खरवडल्या गेल्या नाहीत. डॉक्टरांची डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्यांनी फिरत असताना पडली होती. फिरत्या तबकडीवर हेड अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाचा केस साधारण ७० हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे त्या फटीच्या मानाने धुळीचा कणही डोंगराएवढा ठरतो. अशा वेळी बसलेल्या धक्क्याने हेड तबकडीवर आपटते. एवढे ऐकून डॉक्टरांनी फक्त विचारले, ‘मग आधी उघडून पाहावे लागेल ना?’ शस्त्रक्रियेचा निर्णय ऐकण्याची त्यांना सवय असावी.

धूलिमुक्त कक्षात झाकण काढल्यावर चार हेडांपैकी सर्वांत खालचे वाकलेले दिसले. त्याच्या बाजूच्या पृष्ठावर, बाहेरच्या कडेजवळ, सूक्ष्मदर्शकाखाली एक लहानसा ठसा होता. तो केसाच्या जाडीएवढाच रुंद, कडा किंचित वर आलेल्या. बाकीची तीन पृष्ठे आरशासारखी स्वच्छ होती. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कमधून हेडांचा संच काढून बसवावा लागला. सर्किट बोर्ड मात्र मूळचाच ठेवला, कारण त्यावरच्या रॉम चिपमध्ये त्या एका डिस्कपुरती जुळवलेली मापे असतात आणि परका बोर्ड लावला तर डिस्क स्वतःलाच ओळखत नाही. नव्या हेडांनी डिस्क एकदाही न अडखळता तयार झाली तेव्हा मी श्वास रोखून होते, हे नंतर लक्षात आले.

यापुढची सगळी मदार क्रमावर होती. खालच्या हेडला त्या ठशावरून नेले तर वर आलेल्या कडा त्यालाही वाकवण्याची शक्यता होती, म्हणून ते पृष्ठ शेवटी ठेवायचे ठरवले. आधी तिन्ही निरोगी पृष्ठांवरची माहिती सेक्टरवार, म्हणजे ठरावीक आकाराच्या लहान तुकड्यांनी, दुसऱ्या डिस्कवर उतरवली. तीही सलग सुरुवातीपासून नव्हे, तर प्रथम फाइलींची मुख्य सूची. एनटीएफएस या फाइलव्यवस्थेत प्रत्येक फाइलची १०२४ बाइटांची एक नोंद असते. तिच्या प्रारंभीच इंग्रजीत ‘फाइल’ हा शब्द चार अक्षरांत लिहिलेला असतो आणि पुढे नाव, तारखा आणि फाइलीचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत याचा पत्ता. ही सूची हाती आली की कोणत्या सेक्टरांची गरज आहे आणि कोणत्यांची नाही ते कळते, आणि जखमी पृष्ठाला विनाकारण हात लावावा लागत नाही. तीन पृष्ठे दीड दिवसात उतरली. चौथ्याला पाच दिवस लागले. ठशापासून दूरचा भाग आधी, मग दोन्ही बाजूंनी हळूहळू जवळ. एखादा सेक्टर वाचताना हेड रेंगाळले की लगेच सोडून पुढे. हेड शेवटपर्यंत टिकले.

सूची तपासताना चेकडिस्कने काय केले ते दिसले. लागून असलेल्या २१२ नोंदी कोऱ्या होत्या. त्या फाइलींचा आशय डिस्कवर शाबूत होता, पण त्यांची नावे गेली होती. आणि डॉक्टरांच्या संग्रहात नाव म्हणजेच निदान होते. रुग्णाचे नाव त्यांनी कुठेच लिहिले नव्हते. फाइलीच्या नावात अनुक्रमांक, वय, झडप आणि दोष एवढेच असे. नाव नसलेली फाइल म्हणजे कुणा तरी माणसाचे दोन मिनिटांचे ठोके, त्यापलीकडे काही नाही.

फाइली बाहेर काढणे त्या मानाने सोपे होते. प्रत्येक वेव्ह ध्वनिफाइलीच्या आरंभी चार ठरावीक अक्षरे असतात आणि त्यांच्या लगेच पुढे फाइलीची लांबी लिहिलेली असते. ही मुद्रणे रेकॉर्डरवरून एकेका दिवसाची एकदम डिस्कवर उतरवलेली असल्यामुळे त्यांचे तुकडे विखुरलेले नव्हते. आरंभ शोधायचा, लांबीएवढे मोजायचे आणि उचलायचे. २१२ च्या २१२ मिळाल्या.

न वाचता आलेल्या सेक्टरांच्या जागी मी प्रतीमध्ये एक ठरलेली खूण भरते, म्हणजे नंतर ती खूण शोधून कोणत्या फाइलींना इजा झाली ते सांगता येते. ही खूण ६३ फाइलींमध्ये सापडली. एकूण ठिकाणे होती ५४८. त्या जागा पाहत असताना एक गोष्ट मला आधी योगायोग वाटली. प्रत्येक फाइलीत दोन खुणांमधले अंतर जवळपास सारखेच होते, सुमारे १.२ मेगाबाइट. मग उलगडा झाला. तबकडीवरचे ट्रॅक, म्हणजे माहिती लिहिलेली वर्तुळे, इतके दाट असतात की केसाएवढ्या ठशाखाली असे शेकडो ट्रॅक येतात, आणि प्रत्येक ट्रॅक एका फेरीत त्या ठशावरून एकदाच जातो. डिस्कच्या बाहेरच्या भागात एका ट्रॅकवर सुमारे १.२ मेगाबाइट मावतात. डॉक्टरांच्या मुद्रणात दर सेकंदाला ८८,२०० बाइट खर्च होत होते. म्हणजे दर साडेतेरा सेकंदांनी एक खाच, आणि खाचेची लांबी ४०९६ बाइटांचा एक सेक्टर, म्हणजे सुमारे ४६ मिलिसेकंद. पडल्याच्या क्षणी झालेली ती एक जखम त्या ६३ हृदयांच्या मुद्रणांत अशी ठरावीक अंतराने उमटली होती.

खुणेचा मजकूर ध्वनी म्हणून वाजवला तर कर्कश खरखर होते, म्हणून देताना मी तिथे शून्य भरते. तेवढ्या वेळापुरती शांतता. चित्रांच्या किंवा लेखांच्या फाइलींत याने काहीच साधत नाही, पण साध्या, न दाबलेल्या ध्वनीत ४६ मिलिसेकंद बहुतेक ऐकणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाहीत. मी निर्धास्त होते. डॉक्टर हेडफोन लावून बसले, डोळे मिटले, आणि काही क्षणांतच त्यांनी हात वर केला.

‘हे पुन्हा ऐकवा.’

मी ऐकवले. ‘या रुग्णाला क्लिक नव्हता,’ ते म्हणाले. ‘इथे पहिल्या आणि दुसऱ्या ध्वनीच्या मधोमध टक् असा आवाज आहे. माझा विद्यार्थी हे ऐकून डाव्या झडपेचा पडदा मागे झुकतो असे निदान करील, आणि त्याचे निदान चूक म्हणता येणार नाही.’

ध्वनीची लहर मधूनच तुटून शून्यावर येते आणि पुन्हा मधूनच सुरू होते, तेव्हा दोन्ही टोकांना बारीक टकटक होते. हे मला ठाऊक होते. पण त्याचा अर्थ निदान असा होऊ शकतो हे माझ्या मनातही आले नव्हते. पुढच्या फाइलीत खाच नेमकी दुसऱ्या हृदयध्वनीवर पडली होती आणि त्या ध्वनीचे दोन भाग झाले होते. डॉक्टरांनी सांगितले की श्वास आत घेताना दुसरा ध्वनी असाच दुभंगतो, त्या दोन भागांत काही शतांश सेकंदांचे अंतर असते, आणि ते अंतर श्वासाबरोबर बदलते की नाही यावरून ते पुढचे निदान करतात. माझ्या शांततेने निरोगी माणसाच्या हृदयात एक लक्षण तयार केले होते.

मी सुचवले की कडा सौम्य करता येतील, आजूबाजूच्या ध्वनीवरून मधला भाग बेमालूम भरताही येईल. डॉक्टरांनी मान हलवली. ‘भरलेला तुकडा कुणाचा असेल?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि विचार केल्यावर ते असूही नये असे वाटले. शेवटी आम्ही ठरवले की खाच जशी आहे तशीच ठेवायची, फक्त तिथे अर्धा सेकंद लांब असा एक स्पष्ट, कृत्रिम, हृदयाशी कोणतेच साम्य नसलेला सूर घालायचा, जेणेकरून ऐकणाऱ्याला ती जागा जखमेखेरीज दुसरे काही चुकूनही वाटणार नाही. फाइलीच्या नावापुढे ‘खंडित’ असे लिहायचे, आणि प्रत्येक खाचेची वेळ एका साध्या मजकुराच्या फाइलीत द्यायची. मूळ प्रत सूर न घालता वेगळी जपून ठेवली. ५४८ ओळींची ती यादी मी स्वतः तपासली, कारण इथे एकही चूक राहू देणे मला मान्य नव्हते.

आता नावे उरली होती, आणि तेव्हा ती झिजलेली वही उघडली गेली. डॉक्टरांनी प्रत्येक मुद्रणाची तारीख, वेळ आणि निष्कर्ष हाताने लिहून ठेवला होता. त्यांचा रेकॉर्डर फाइलीच्या आतही मुद्रणाची तारीख आणि वेळ लिहीत असे. २१२ पैकी १७४ फाइली वहीशी जुळवून एका दुपारी नावासकट उभ्या राहिल्या. उरलेल्या ३८ मुद्रणांच्या काळात रेकॉर्डरची बॅटरी बदलल्यावर घड्याळ लावायचे राहून गेले होते आणि आतली तारीख निरुपयोगी होती.

त्या ३८ पैकी ३४ डॉक्टरांनी कानाने ओळखल्या. ते ऐकत, वहीची पाने उलटत, एखाद्या ओळीवर बोट ठेवत आणि मला अनुक्रमांक सांगत. एका मुद्रणात ठोक्यांच्या मागे रुग्णाच्या श्वासाची घरघर होती, ती ऐकून त्यांनी वय सांगितले आणि वहीत ते बरोबर निघाले. एका ठिकाणी ते बराच वेळ थांबले आणि नंतर म्हणाले की ही मुलगी आठ वर्षांची होती आणि मुद्रण चालू असताना तिला हसू आवरत नव्हते. मी आवाज वाढवून ऐकला. ठोक्यांच्या तळाशी, अगदी दूर, ते हसू होते.

चार फाइली शेवटपर्यंत जुळल्या नाहीत. वहीतल्या ज्या चार ओळी त्यांच्या असू शकत होत्या, त्यांत दोन-दोन रुग्णांचा दोष सारखाच होता, आणि अंदाजाने नाव लिहायला डॉक्टर तयार झाले नाहीत. त्यांनी मला एक वेगळा फोल्डर करायला सांगितला, त्याला ‘अनोळखी’ असे नाव दिले, आणि वहीतल्या त्या चार ओळींसमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्हे काढली.