छोटा एम की कॅपिटल एम?

"सर, एकदा पायथनचं डॉक्युमेंटेशन पाहू का?" प्रोग्रामिंगच्या मुलाखतीला आलेल्या पोराने हळूच विचारलं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, डॉक्युमेंटेशन म्हणजे तिची अधिकृत माहितीपुस्तिका. माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने नकारार्थी मान हलवली.

नागपूरच्या मिहानमधल्या आजच्या मुलाखतीसाठी तो वर्ध्याहून आला होता. तारखांच्या हिशेबाचं लॉजिक कागदावर सुरेख मांडलं, लीप वर्षासकट. अडला तो तारीख वाचायच्या फॉरमॅटवर. छोटा एम म्हणजे महिना, कॅपिटल एम म्हणजे मिनिटं. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं आणि शेवटी कॅपिटलच ठेवलं.

"एवढंही पाठ नाही?" सहकारी नंतर म्हणाला.

मला फार लागलं ते. आपल्यापैकी कोण हे पाठ करतं? रोज उघडून बघतोच ना! आणि पाठ असल्याने काय होतं? बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी अर्धा भाग वगळत शोधणं, सगळ्यांना तोंडपाठ. तरी जावा या भाषेच्या लायब्ररीतल्या (तयार कोडमधल्या) बायनरी सर्चमध्ये दोन मोठ्या आकड्यांची बेरीज इंटिजरच्या (पूर्णांक साठवायच्या) मर्यादेबाहेर जायची, आणि ही चूक वर्षानुवर्षं तशीच राहिली. २००६ साली तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच ती जाहीरपणे मांडली.

अख्खं उत्तर एआयकडून लिहून घेणं वेगळं, ते थांबवाच. पण डॉक्युमेंटेशन? त्या पोराला परत बोलवा, असं मी एचआरला लिहून दिलंय.

तुमच्याकडे टेस्टमध्ये काय काय उघडू देतात?