वखारीतला रेडिओग्राम

आत्याची निपाणीतली तंबाखूची वखार रिकामी करताना पोत्यांच्या थप्पीमागे कमरेएवढं एक लाकडी कपाट निघालं. वर तराजूची पारडी, सुंभाची गुंडाळी, जुन्या पंचांगांची चळत. सगळं उतरवून झाकण उचललं, तर आत रेकॉर्डचं टर्नटेबल आणि पुढे काचेवर मीटरचे आकडे. रेडिओग्राम! आत्या म्हणाली, "असू दे की तिथंच. तराजू बरा बसतोय त्यावर."

टेम्पोत घालून बेळगावला आणला, शहापुरातल्या एका मिस्त्रींकडे. त्यांचा पहिला प्रश्न, "थेट प्लगात घातला न्हाईसा न्हवं?" वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या वाल्व्हच्या, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेल्या, सेटला एकदम वीज दिली, की आतले सुकलेले कंडेन्सर दगा देतात आणि जाताना ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. म्हणून त्यांनी शंभर वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये जोडला. आत शॉर्ट असेल तर तो भगभगत राहणार. बल्ब झळझळून पेटला, मी श्वास रोखला, आणि तो हळूहळू मंद होत लालसर तारेवर आला. मिस्त्रींनी तेव्हा कुठे चहा सांगितला.

कागदी कंडेन्सर सगळे बदलले. वाल्व्ह मात्र शाबूत होते. त्यातले दोन बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. डायलची दोरी उंदरांनी खाल्ली होती. नवी दोरी कप्प्यांवरून ओवण्यात आख्खी दुपार गेली. दोन वेळा काटा उलटाच पळाला. बटण उजवीकडे, काटा डावीकडे!

भाचा म्हणाला, आतलं सगळं काढून ब्लूटूथ बसवा. कुंद्याच्या डब्यात साबण ठेवणारे लोक असतात, त्यातलाच हा. पॉलिशही मी करू दिलं नाही. वरच्या फळीवर पारड्याचा गोल डाग आहे, तो तसाच आहे.

दिवाळीला आत्या आली. सेट लावला. वाल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट काहीच नाही. नुसता स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा उजळत जातो. मग लाकूड गरम झालं आणि खोलीभर तंबाखूचा वास सुटला. आत्याने पदर नाकाला लावला, पुन्हा काढला.

सांगलीसाठी काटा अडीचशे मीटरच्या अलीकडे न्यायचा होता, पण वाटेत ३९२ मीटरवर धारवाड लागलं. ७६५ किलोहर्ट्झ, खणखणीत. शेतीचा कार्यक्रम चालला होता, कानडीत. बसवरची पाटी वाचता येत नाही म्हणून आत्या आयुष्यभर कुरकुरत आलेली. मी बटण फिरवायला गेलो तर तिने माझा हात धरला.

"थांब रे. उसाला आत्ता पाणी सोडा म्हणतोय," ती म्हणाली. "अक्कल आहे का ह्याला?"