लिअरची वाटणी

शेक्सपिअरचं 'किंग लिअर' हे राजा-महाराजांचं नाटक आहे असं म्हणतात पण मला ते पहिल्यापासून वाटणीचं नाटक वाटत आलंय. पहिल्याच प्रवेशात म्हातारा राजा लिअर काय मागतो तर नकाशा. भर दरबारात तो उघडून हा तुकडा थोरल्या पोरीला, हा मधलीला, आणि सगळ्यात चांगला धाकटीसाठी राखलेला, फक्त आधी तिनं सगळ्यांसमोर सांगायचं की बापावर तिची किती माया आहे. धाकटी तसं गोड बोलत नाही, तर तिला काहीच न देता तो सगळं थोरल्या दोघींना वाटून टाकतो. आमच्या परभणीकडं ज्यानं भावाभावातली वाटणी बघितलीय, ओसरीवर चार जाणती माणसं बसलीत, मधी सातबारा पडलाय, विहीर कुणाच्या वाट्याला अन् बांध कुठून यावर आवाज चढायलाय, त्याला हा प्रवेश समजायला इंग्लंडचा इतिहास लागत नाही.

आणि पुढची अट तर वाचून मी चाटच पडलो. लिअर म्हणतो मी एक एक महिना एकेकीकडं राहीन, सोबत माझे 100 सरदार. अहो ही तर आपल्याकडची पाळी! किती गावात म्हातारे आईबाप महिन्याच्या पाळीनं पोरांकडं जेवायलेत, आई एकाकडं बाप दुसऱ्याकडं असंही असतं. नाटकात मग त्या 100 चे 50 होतात, 50 चे 25, मग पोरीच विचारतात की दहा तरी कशाला, पाच कशाला, शेवटी एक तरी कशाला लागतो. त्यावर लिअर म्हणतो की गरजेचा हिशोब काढू नका, भिकाऱ्याकडंसुद्धा गरजेपेक्षा काहीतरी जास्तीचं असतंच. हे मी कितीदा वाचलं तरी तिथं थांबतो. विंदा करंदीकरांनी या नाटकाचं मराठी भाषांतर केलंय, इंग्रजी अवघड जात असेल तर बिनधास्त त्यातून सुरुवात करा.

आता पुढ्यातलं ताट द्यावं पण बसायचा पाट देऊ नये, हे आपल्याकडं कुठलीही मावशी-काकू सांगेल. लिअरला ते घरातून सांगणारं कुणी नाही, कारण त्या नाटकात राणीच नाही. आणि शिरवाडकरांनी 1970 साली 'नटसम्राट' लिहिताना नेमकी तीच जागा भरली, म्हाताऱ्या नटाची बायको कावेरी आणली. लोकांना डॉ. लागूंचे बेलवलकर आठवतात, घर मागणारं ते स्वगत शाळेच्या गॅदरिंगला अजून कुणी ना कुणी म्हणतंच, पण माझ्या मते त्या नाटकाची खरी कमाई कावेरी आहे. ती असल्यामुळं म्हाताऱ्याचा अपमान दोघांचा होतो आणि ती गेल्यावर तो खरा उघड्यावर पडतो. शेक्सपिअरच्या लिअरला वादळ आहे, विदूषक आहे, पण अशी सोबत नाही.

काही जण म्हणतात की रूपांतर म्हणजे मूळ नाटकाची वाट लावणं. पण मूळ कुठलं? शेक्सपिअरच्या आधीच लिअरवर एक नाटक होतं, 1605 ला ते छापलं गेलं, त्यात म्हाताऱ्याला राज्य परत मिळतं. शेक्सपिअरनं तो गोड शेवट मोडून धाकट्या कॉर्डेलियाला मारलं. मग 1681 ला नाहूम टेट नावाच्या लेखकानं तिला पुन्हा जिवंत ठेवून तिचं लग्न लावून दिलं, आणि इंग्लंडच्या रंगभूमीवर पुढं दीडेकशे वर्षं तेच चाललं!

माझ्या मनात सगळ्यात जास्त घर करून बसलेली लिअरची नवी गोष्ट मात्र जेन स्मायलीची 'अ थाउजंड एकर्स' ही कादंबरी, 1991 ची, तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. अमेरिकेतल्या आयोवात मका-सोयाबीनचं एक हजार एकर रान, बाप एक दिवस अचानक जाहीर करतो की शेत तिन्ही पोरींच्या नावे करायचं, धाकटी जराशी कचरते आणि तिला बाजूला काढतात. गोष्ट सांगते कोण तर थोरली. म्हणजे जी नाटकात दुष्ट, ती इथं आपल्याशी बोलायली. हळूहळू कळतं की ज्याला सगळा गाव मान देतो त्या बापानं या पोरींवर लहानपणी काय अत्याचार केलेत. आणि रानात वर्षानुवर्षं टाकलेलं खत विहिरीच्या पाण्यात उतरलंय, तेच पाणी पिऊन थोरलीचे गर्भ पडत गेलेत. सोयाबीनच्या पट्ट्यात राहून, बोअरचं पाणी पिऊन हे वाचताना मला दोन-तीनदा पुस्तक खाली ठेवावं लागलं.

ती वाचून परत लिअरकडं गेलो तर पहिल्या प्रवेशाच्या शेवटी थोरल्या दोघी आपसात बोलतात ते वेगळंच ऐकू यायलं, की बापाचा जीव कायम धाकटीवर, आणि त्याला स्वतःची ओळख कधी नीट झालीच नाही. लिअरच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या ग्लॉस्टरचे डोळे काढतात तिथं माझी मधलीबद्दलची सहानुभूती संपते ती संपतेच, पण तिथंवर पोचेपर्यंत त्या दोघी नुसत्या राक्षसिणी राहत नाहीत. जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 1985 च्या 'रान' सिनेमात पोरींच्या जागी तीन पोरं आहेत, तोही बघाच, त्यातला म्हातारा आयुष्यभर दुसऱ्यांची घरं जाळत आलेला असतो.

मला मनापासून वाटतं की मराठवाड्याचा लिअर अजून लिहायचाय. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णींनी, जे आपल्या औरंगाबादच्या 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून पुढं आले, त्यांनी 2018 ला 'हॅम्लेट' केलं, तेव्हा आपल्याकडच्या माणसांना शेक्सपिअर परका आहे असं तर कुणी म्हणू नये. इथं तीन भाऊ घ्या, एक बहीण घ्या जी हक्कसोडपत्रावर सही करत नाही, आणि गोष्ट सांगू द्या थोरल्या सुनेला. कारण त्या 100 सरदारांचा रोजचा स्वयंपाक कोण करायचं हे नाटकात कुणी विचारत नाही, थोरली गॉनेरिल घरात दंगा होतो म्हणून कुरकुरते आणि आपण लगेच तिला वाईट ठरवतो. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात दरवर्षी पोरं एकांकिका शोधत असतात, त्यांच्यापैकी कुणी हे लिहायला घेतलं तर मला जरूर कळवा, तालमीला येऊन बसायची माझी तयारी आहे.