दोन जिवांचं जेवण

गरोदर राहिले तेव्हा माझं वजन 66 किलो, उंची पाच फूट दोन इंच. घरात एकच घोष, ‘आता दोन जिवांची आहेस, दोघांचं जेव.’ सासूबाईंचा साजूक तुपातला शिरा रोज चार वाजता हजर. मलाही तो आवडायचा, खोटं कशाला बोलू!

वजनाचा विषय निघाला तो आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे, तेही सर्दीचं औषध घ्यायला गेले म्हणून. ते मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतात. काट्यावर उभं केलं, जुनं कार्ड काढलं, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, मांडला. 26 च्या वर. ‘अगं, तुला नऊ महिन्यांत 7 ते साडेअकरा किलो पुरे. चौथ्यातच सहा वाढलेत.’

मी रडवेली. त्यांनी मात्र उपास सांगितला नाही. दिवसाला 350 च्या आसपास कॅलरी जास्तीच्या, म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ, कपभर दूध. साखरेची तपासणी आणि संध्याकाळी अर्धा तास चालणं.

पुढच्या वेळी सासूबाईंनाही घेऊन यायला सांगितलं. त्या आल्या, शिऱ्याचा डबा घेऊनच. डॉक्टरांनी तो ठेवून घेतला.