तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं बळ येतं कुठून?

लग्नात भेटा, लिफ्टमध्ये भेटा, प्रश्न ठरलेला. २३ मेचा फिस्टुला दिन जवळ आला की भाषणाच्या आमंत्रणासकट तोच. "त्या फिस्टुलाच्या वॉर्डात जायची प्रेरणा कुठून मिळते?" विचारताना नाक जरा आक्रसलेलं असतं, तेही दिसतं मला.

पूर्वी मी सांगायचे, त्या बायकांच्या चेहऱ्यावरचं हसू. टाळ्या पडायच्या. हसू असतं, नाही असं नाही. पण पुष्कळदा मला बरं वाटावं म्हणून त्या हसतात.

मी तिथे पाणी पाजते. बाई अडली, बाळाचं डोकं हाडाशी दोन दोन दिवस दाबून राहिलं, की मधला भाग मरतो, लघवीच्या पिशवीला भोक पडतं आणि लघवी गळत राहते. हाच फिस्टुला. गळू नये म्हणून या बायका पाणीच तोडतात. मग लघवी जळजळीत होते, वास वाढतो, मांड्या सोलवटतात. ऑपरेशननंतर सगळं उलटं: तांब्यामागून तांब्या प्यायचं, लघवीची नळी वाहती ठेवायची. ती तुंबली तर लघवीची पिशवी फुगून टाके उसवतात. म्हणून नळीला पीळ पडलाय का, बाई तिच्यावर झोपलीय का, हे बघत फिरायचं. याला कसली आलीय प्रेरणा?

बीडकडची एक होती. ऊसतोडीच्या तळावर अडलेली, मूल गेलेलं. नवऱ्याने टाकली नव्हती (तुमचा पुढचा प्रश्न तोच असतो), डबा तोच आणायचा. "ताई, तुमच्यासाठी पिते," म्हणत ती दोन आठवडे पाणी प्यायली. मग तपासणी. नळीतून पिशवीत निळं औषध सोडतात, योनीत कापसाचे बोळे ठेवतात. पांढरे निघाले तर जमलं. तिने डोळे गच्च मिटले. "तुम्हीच बघून सांगा." पहिला पांढरा. दुसरा पांढरा. सगळ्यात आतल्या बोळ्यावर नखाएवढा निळा डाग.

डॉक्टर म्हणाले, छिद्र बारीक आहे, तीन महिन्यांनी पुन्हा करू. तिला मी सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मग आता पानी पिऊ का नको?"

पी, भरपूर पी, हेच बरोबर उत्तर होतं आणि तेच मी दिलं. तिला एसटीने घरी जायचं होतं, सहा तास.

त्यानंतरही मी जातेच. का? घरी मला कुणी एवढं विचारत नाही, हेही एक कारण असेल. असू दे की. तुम्ही मला इथिओपियातल्या अदिस अबाबाच्या मामितू गाशेंची गोष्ट पाठवता: फिस्टुलाच्या रुग्ण म्हणून आल्या, तिथल्या हॅम्लिन डॉक्टर दांपत्याकडे शिकून स्वतः शस्त्रक्रिया करू लागल्या. खरी आहे, थोर आहे. पण सकाळी अंथरुणातून मला मामितू उठवत नाहीत. कोपऱ्यातली बाई डाव्या कुशीवर झोपते आणि नळीही त्याच बाजूला आहे, हे आठवतं, मग चप्पल घालते. रोज आठवतंच असंही नाही. कधी दांडीही मारते.

बीडची ती तीन महिन्यांनी आली नाही. फोन केला तर नवरा म्हणाला, "उचल घेतलीय ताई, पट्टा पडला की आणतो." उचल म्हणजे तोडीचे आगाऊ पैसे, पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं. पट्टा पडून गेला. परत फोन केला, तर पुढच्या हंगामाची उचल घेऊन झाली होती.