तुम्ही विचारलंत म्हणून: विद्यापीठात हे सगळं ठरवतं कोण?

लग्नात, एसटीत, सोसायटीच्या गणपतीत, कुठेही मी विद्यापीठात नोकरीला होते असं कळलं की प्रश्न येतोच. फी वाढते, पॅटर्न बदलतो, परीक्षेचं सेंटर हलवतात, हे ठरवतं कोण हो? आणि का ठरवलं ते आम्हाला कुणी सांगत का नाही? परवा शेजारच्या मुलीनं पण हेच विचारलं, तेव्हा म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

मी सभा विभागात होते, बावीस वर्षं. बैठकीची कार्यक्रमपत्रिका काढायची, सदस्यांना पाठवायची, बैठकीत मागच्या खुर्चीवर बसून लिहून घ्यायचं आणि नंतर इतिवृत्त, म्हणजे बैठकीत काय झालं त्याची अधिकृत नोंद, तयार करायचं, हे काम.

लोकांना वाटतं सगळं कुलगुरूच ठरवतात. तसं नाहीये. महाराष्ट्रात २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आहे, मार्च २०१७ पासून लागू झाला, त्याआधी १९९४ चा होता. राज्यपाल कुलपती असतात आणि शोध समितीनं दिलेल्या नावांतून ते कुलगुरू नेमतात. पण त्याखाली मंडळांची मोठी उतरंड आहे. सिलॅबस आधी अभ्यास मंडळात तयार होतो, मग विद्याशाखा आणि विद्या परिषद. पैसा, नेमणुका, टेंडर व्यवस्थापन परिषदेकडे. आणि बजेट जातं अधिसभेत, जिला सगळे सिनेट म्हणतात, जी वर्षातून किमान दोनदा भरायलाच हवी, आणि जिच्यात नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा जण बसतात. म्हणजे तुम्ही आम्ही निवडून दिलेले. पसंतीक्रमानं मतदान असतं, १, २, ३ असे आकडे लिहायचे. सिनेटमधला प्रश्नोत्तरांचा तास मी कधी चुकवला नाही, कारण सदस्यानं आधी लेखी प्रश्न दिला की प्रशासनाला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते छापलं जातं.

मग एवढं सगळं असून कळत का नाही? माझ्या मते गोम निर्णयात कमी आणि इतिवृत्तात जास्त असते.

एक गोष्ट सांगते. ९४ च्या कायद्याखालचे दिवस. एका तालुक्याच्या गावातलं परीक्षा केंद्र बंद करायचा विषय आला. बैठकीत चांगला पाऊण तास वाद झाला, दोन सदस्य ठाम विरोधात होते, एक जण म्हणाले की तिथल्या मुलींना चाळीस किलोमीटर एसटीनं जावं लागेल आणि सकाळची गाडी वेळेवर येईलच याचा भरवसा नाही. मी सगळं लिहून घेतलं, दोन पानं भरली. मसुदा साहेबांकडे गेला आणि परत आला तेव्हा दोन्ही पानांवर लाल पेनाची आडवी रेघ आणि खाली त्यांच्या अक्षरात एक ओळ, "साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते मान्यता देण्यात आली." सर्वानुमते! मी म्हटलं सर, दोघांचा विरोध होता. ते म्हणाले, विरोध नोंदवा असं कुणी म्हणालं का? नव्हतं कुणी म्हणालं. पुढच्या बैठकीत ते इतिवृत्त कायम झालं, म्हणजे बरोबर आहे म्हणून मंजूर झालं, कुणी हरकत घेतली नाही, त्या दोघांनीही नाही.

दोनेक वर्षांनी एक गृहस्थ माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन आले. मुलीचा पहिला पेपर बुडाला होता, गाडी उशिरा आली म्हणून. केंद्र कशाच्या आधारावर बंद केलं त्याची कागदपत्रं हवी होती. मी कपाटातून फाइल काढली आणि त्यांना त्या एका ओळीची झेरॉक्स दिली, दोन रुपये पान. ते उभ्या उभ्या वाचत राहिले, मग मला म्हणाले, ताई, यात कारण कुठाय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मनाला ते आजही लागतं, कारण निर्णयामागे कारण होतं, वादही झाला होता, त्यांच्या मुलीच्या बाजूनं कुणीतरी बोललंही होतं, आणि ते सगळं मी माझ्या हातानं लिहिलं होतं.

कारणं लोकांपर्यंत न पोचण्याची आणखी एक वाट म्हणजे ऐनवेळचे विषय. कार्यक्रमपत्रिकेत नसतात, अध्यक्षांच्या परवानगीनं शेवटी येतात, तोवर निम्मे लोक घड्याळाकडे बघत असतात. टिप्पणी, म्हणजे त्या विषयावर कार्यालयानं लिहिलेली माहिती, वाचायला कुणाला वेळच मिळत नाही. आणि तिसरी वाट कुलगुरूंचे आपत्कालीन अधिकार, जुन्या कायद्यात १४(७), आताच्यात १२(७). हे अधिकार हवेतच, पूर आला आणि परीक्षा पुढे ढकलायची असली तर बैठकीची वाट कोण बघत बसणार. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की तातडी का होती हे लवकरात लवकर संबंधित मंडळाला लेखी कळवायचं. हा उत्तरार्ध लोक विसरतात, म्हणून मी मुद्दाम सांगते.

माहिती अधिकार कायदा २००५ चा, त्यातलं कलम ४ तर न मागताच बरंच काही द्यायला सांगतं. कोणती मंडळं आहेत, त्यांची इतिवृत्तं लोकांना बघता येतात का, हे जाहीर करायचं, आणि ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना कारणं द्यायची. कायद्यात आहे हे, उपकार नाहीत कुणाचे. सगळी इतिवृत्तं परिशिष्टांसकट वेबसाइटवर टाकावीत आणि विरोधी मत कुणी मागितलं नाही तरी नोंदवावं, एवढं झालं तरी किती फरक पडेल.

तोवर शेजारच्या त्या मुलीला मी जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. जोडपत्र अ या ठरलेल्या नमुन्यात माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांत. "का केलं" असं विचारू नका, "का" ला ते उत्तर देणार नाहीत, तिथे कागद मिळतो. म्हणून कागदाचं नाव घ्या: अमुक तारखेच्या बैठकीची कार्यक्रमपत्रिका, त्या विषयाची टिप्पणी, फाइलवरचे शेरे, कायम झालेलं इतिवृत्त आणि कार्यवाही अहवाल, म्हणजे निर्णयावर पुढे काय केलं त्याचा कागद. तीस दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील. आणि अर्ज देताना आवकच्या टेबलवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय निघू नका, उद्या या म्हणाले तरी.