जुने जाऊं द्या

दगडात देवनागरी अक्षरं कोरणं हा माझा व्यवसाय. मागच्या पावसाळ्याआधी उभी केलेली एक भिंत अजून डोक्यातून जात नाही.

जुन्या चाळी पाडून तिथे दोन इमारती होत होत्या, एक मूळ भाडेकरूंच्या पुनर्वसनाची आणि एक विक्रीची. विकासकाला विक्रीच्या इमारतीच्या लॉबीत कवितेची भिंत हवी होती. मी हट्टाने ती बाहेर, फुटपाथच्या बाजूला आणली. येणाऱ्याजाणाऱ्याला हात लावता येत नसेल तर कविता दगडात कोरायचीच कशाला?

माझ्या मनात नारायण सुर्वे होते. पण ते गेले २०१० साली, आणि आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. म्हणजे २०७० पर्यंत परवानगी हवी. एक पत्र लिहिण्याचा प्रश्न होता, तेही कंपनीच्या कायदा विभागाने केलं नाही. ‘हक्क संपलेलं काही द्या,’ एवढाच निरोप आला. केशवसुत १९०५ साली गेलेले. मार्केटिंगवाल्यांनी ‘तुतारी’तल्या दोन ओळी उचलल्या:

जुने जाऊं द्या मरणालागुनि
सावध! ऐका पुढल्या हाका

शाळेपासून पाठ असलेल्या ओळी. मी लगेच कामाला लागले.

रोमन अक्षरं सुटी असतात, फरशीचा सांधा कुठेही आला तरी निभावतं. आपली शिरोरेषा सलग. सांधा शब्दाच्या मधून गेला की शब्द मोडल्यासारखा दिसतो. म्हणून सांधे शब्दांमधल्या मोकळ्या जागेतच पाडायचे. त्यामुळे ‘मरणालागुनि’साठी चार फुटांची अखंड, बिनशिरेची बेसाल्टची फरशी लागली. ती शोधण्यात तीन आठवडे गेले. ‘ल’ मराठी वळणाचा, पाकळीचा, मी हाताने काढला. ‘जाऊं’वरचा अनुस्वार कंपनीच्या मुद्रितशोधकाने खोडला होता. १९६२च्या नियमांनी असे अनुस्वार गेले, हे खरं. पण ही कविता १८९३ची आहे, तिचं लेखन सुधारणारे आपण कोण? अनुस्वार परत आणला आणि स्वतः छिन्नीने कोरला, कारण यंत्राने केलेला खड्डा तळाशी सपाट राहतो आणि त्यात सावली धरत नाही.

फरशा चढवायच्या दिवशी पहिली ओळ दुपारपर्यंत बसली. दुसरीच्या फरशा खाली टेकवलेल्या होत्या. खोलीची चावी घ्यायला आलेल्या एक आजी फुटपाथवर थांबल्या. अक्षरांवरून बोट फिरवत त्यांनी सावकाश ओळ वाचली आणि मला विचारलं, “ताई, हे आम्हाला म्हटलंय का?”

मी घाईघाईने सांगायला लागले, आजी, इथे जुने म्हणजे जुन्या रूढी, सडलेले विचार. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. “असेल. पण इथे आमची चाळ होती ना. आमचे हे संक्रमण शिबिरातच गेले. ही चावी त्यांनी बघितली नाही.”

तीन महिने मी त्या ओळीची अक्षरं पाहत होते. ओळ वाचली ती आजींनी.

मी प्रकल्प व्यवस्थापकांना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, कविता आहे, कोण एवढं वाचतं?” साहित्याच्या नावाने भिंत उभारणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य! मला इतका राग क्वचितच आला असेल. शेवटी ओळ काढायला त्यांनी परवानगी दिली, पण खर्च माझा. मी तो केला.

आता भिंतीवर फक्त ‘सावध! ऐका पुढल्या हाका’ आहे. या व्यवसायातले माझे गुरुजी म्हणाले, “एका वाचकासाठी कवी कापलास.” त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. पहिल्या ओळीशिवाय दुसरीचा दम कमी होतो, आणि केशवसुतांचा रोख कुणाच्या घरावर कधीच नव्हता. दोष ओळीचा नव्हे, त्या जागी ती लावण्याचा. तरी त्या आजींनी रोज भाजी घेऊन येताना तीच ओळ वाचत आत जायचं, हेही मला सोसणारं नव्हतं. तेव्हा आणखी पंधरा दिवस मागून घेऊन सुर्व्यांसाठी पत्र मीच लिहायला हवं होतं. ते मला सुचलं नाही, याची रुखरुख जास्त आहे.

‘मरणालागुनि’ची फरशी कारखान्यात भिंतीला टेकून आहे. तिची मागची बाजू कोरी आहे. एवढी अखंड फरशी पुन्हा लवकर मिळायची नाही, म्हणून कारागीर दर आठवड्याला विचारतो, “ताई, उलटी करून वापरू?” मी अजून हो म्हटलेलं नाही.